सागवानी गिटारला मिळालेल्या दोन स्टारबद्दल, वडशाहून

नमस्कार भाऊ. तुमचा रिव्ह्यू वाचून आठ दिवस झाले. तुम्ही लिहिलेलं कितपत खरं आहे, ते आधी कामाच्या टेबलावर तपासायचं होतं, म्हणून उत्तराला उशीर झाला. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही माझ्याकडून सागवानी बॉडीची गिटार १८,५०० रुपयांना नेली, तुमच्या मित्राने शिवणीच्या लाकडाची १५,५०० ला. दोन्हीत पिकअप (तारेची हालचाल विजेत बदलणारा भाग) सारखेच. तरी तुमची दबून वाजते, त्याची मोकळी वाजते. मधला पिकअप लावला की घुरघुर येते. आणि सागाच्या नावावर तुमच्याकडून तीन हजार काढले, असं तुमचं म्हणणं.

आधी तीन हजारांचं बोलतो. 'सागवानी बॉडी : आवाज भरीव, लांब टिकणारा' ही दुकानातली पाटी मीच रंगवली होती, आणि तुम्ही ती वाचूनच साग निवडला. माझे वडील ढोलकीची खोडं करायचे, तीही शिवणीची. ढोलकीत लाकडाची जाडी थोडी बदलली तरी आवाज बदलतो, हे मी लहानपणापासून कानाने ऐकत आलो. सितारीला तूण, वीणेला फणस, हे शहाण्या कारागिरांनी उगीच ठरवलेलं नाही. तोच हिशेब मी इलेक्ट्रिक गिटारला लावला. तपासला मात्र कधी नाही.

आता तपासला. आपल्या या मॉडेलमध्ये पिकगार्डचे (बॉडीवरच्या पातळ पत्र्याचे) स्क्रू काढले की पिकअप, पॉट (आवाज कमी-जास्त करायची बटणं), स्विच सगळं एकत्र उचलून निघतं, आणि मानही चार स्क्रूंवर आहे. एक सागाची बॉडी घेतली, एक शिवणीची. तीच मान, तोच पिकगार्ड, दर वेळी त्याच नंबरच्या नव्या तारा, पिकअपची उंची पट्टीने मोजून सारखी. अ‍ॅम्प न लावता वाजवलं तेव्हा फरक स्पष्ट होता. शिवण हातात थरथरते, पोटाला जाणवते, आवाजही थोडा मोठा. सागाची बॉडी अर्धा-पाऊण किलो जड, ती शांत राहते. मग केबल लावून दोन्हींचं रेकॉर्डिंग केलं आणि पुतण्याला क्रम बदलून ऐकवायला सांगितलं. मला ओळखता आलं नाही. पुन्हा पुन्हा ऐकलं, तरी नाही.

मग कारण समजून घेतलं. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर लोखंडी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज तयार होते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं तेच हे. नीट मेणात बुडवून पक्का केलेला पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही, त्याला फक्त तारेची हालचाल कळते. लाकडाला काही करायचं असेल तर ते तारेची हालचाल बदलूनच करू शकतं. तसं थोडं होतं, पण बॉडीपेक्षा मानेमुळे जास्त. मानेवर एखाद्या फ्रेटला (धातूच्या आडव्या पट्टीला) सूर लवकर मरतो, ते त्यामुळेच. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवून गिटार वाजवली होती, बाजूचे गोलाकार भाग नंतर नुसते दिसण्यासाठी जोडले. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार १९५४ मध्ये अ‍ॅशच्या लाकडात आली आणि १९५६ पासून बहुतेक अल्डरमध्ये होऊ लागली. अ‍ॅशची उघडी छिद्रं भरत बसावं लागतं, अल्डर रंगवायला सोपं. म्हणजे लाकूड बदललं ते आवाजासाठी नव्हे. रंधा मारणाऱ्याला ही अडचण लगेच समजते.

मग तुमची गिटार दबते का? ती चूक माझी आहे. वहीत नोंद सापडली. त्या महिन्यात ५०० के (किलो-ओहम) चे पॉट संपले होते, तुमच्या गिटारला मी २५० के चे बसवले आणि तुम्हाला सांगितलं नाही. ब्रिजजवळच्या (तारा बॉडीवर टेकतात तिथल्या) हमबकरला, म्हणजे तारेच्या दोन गुंडाळ्यांच्या (कॉइलच्या) पिकअपला, २५० के लावला की वरचे तिखट स्वर पॉटमधून निघून जातात. मित्राच्या गिटारला ५०० के आहेत. शिवाय त्याचा पिकअप तारेपासून दोन मिलिमीटरवर, तुमचा मी साडेतीनवर ठेवला होता. आणि तुम्ही नाटकाच्या स्टेजवर दहा मीटरची केबल वापरता ना? केबलच्या दर मीटरला साधारण शंभर पिकोफॅरड कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता) असतो, त्यात तिखट स्वर जिरतात. दहा मीटर म्हणजे आवाजाचं टोक आणखी खाली येतं. मित्र घरी तीन मीटरवर वाजवतो. त्यात लाकूड कुठे आलं नाही.

घुरघुरीचं मात्र वेगळं आहे. मधला पिकअप एकेरी कॉइलचा आहे, तो आजूबाजूच्या लाइनच्या ५० हर्ट्झच्या विजेची घुरघुर पकडणारच. गिब्सन गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन उलट कॉइलचा हमबकर काढला तो याच त्रासापायी. आपल्याकडे झाडीपट्टीच्या नाटकांच्या मंडपात अर्थिंग नसतं आणि लाइट गेली की साधा इन्व्हर्टर चालू होतो, त्याने घुरघुर दुप्पट तीक्ष्ण होते. आतून तांब्याची पट्टी चिकटवून ती कमी करता येईल. पूर्ण जाणार नाही, हे आधीच सांगतो.

एक गोष्ट मात्र मी मान्य करणार नाही. 'सागच आहे की नाही देव जाणे' असं तुम्ही लिहिलं. लाकूड आलापल्लीचं आहे, लिलावाची पावती आणि वाहतूक पास दुकानात आहेत, कधीही पाहा. माझ्या सागाचा खरा गुण आवाजाचा नव्हे. आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात आणि नंतरच्या पावसात तो कमी फुगतो, कमी आकसतो, स्क्रू पक्के धरतो. पाटीवर हेच लिहायला हवं होतं.

पाटी उतरवली आहे. तुमचे तीन हजार वापस देतो, गिटार तुमच्याकडेच राहू द्या. ५०० के चे पॉट, उंची आणि तांब्याची पट्टी, तीन तासांचं काम आहे, पैसे लागणार नाहीत. पॉट बदलल्यावर मधला पिकअप जास्त बोचरा वाटला तर त्याच्या वाटेत एक रेझिस्टर (वीज अडवणारा छोटा तुकडा) टाकून देईन. ज्यांनी पाटी वाचून साग घेतला त्या सगळ्यांनाही हेच लागू आहे, त्यांनी बिल घेऊन यावं. दिवाळीनंतर नाटकांचा सीझन सुरू झाला की तुम्हाला रात्र मोकळी मिळणार नाही, म्हणून त्याआधीच या. सोमवारी दुकान बंद असतं. येताना स्टेजवरची तीच दहा मीटरची केबल सोबत आणा, त्याच केबलवर ऐकून उंची लावू.