शून्य गळतीची शाळा कशी करावी

यंदा नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या हायस्कुलात मुख्याध्यापकाच्या खुर्चीत नव्यानं बसला असाल, तर आधी अभिनंदन. आता एक सल्ला ऐका. पोरं टिकवायच्या नादी लागू नका, त्यात जन्म जातो. टिकवायची असते टक्केवारी.

आठवीपर्यंत तुम्हाला जरा जपून राहावं लागेल. ६ ते १४ वयाच्या मुलांसाठीचा शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे, आणि दुपारची खिचडीही आठवीपर्यंतच शिजते. नववीच्या वर्गात मात्र ना कायदा पोचतो, ना खिचडीचा वास. म्हणून दहावीचा निकाल खाली ओढील असं पोरगं नववीतच हेरायचं.

बापाला बोलवा, खुर्ची द्या, चहा पाजा. (एरवी त्याला दाराबाहेर उभं करता, ते त्या दिवशी विसरायचं.) म्हणा, "दादा, पोरगं हुशार आहे हो, पण रोजच्या शाळेत त्याचा जीव रमत नाही. १७ नंबरचा फॉर्म भरा, घरबसल्या दहावी!" बाप निफाडकडे द्राक्षबागेत रोजानं जाणारा. त्यालाही आणखी दोन हात हवेच असतात. पोरगं पुढं नापास झालं तरी खासगी विद्यार्थी म्हणून होईल, तुमच्या निकालाला ओरखडा नाही.

मग दाखला. ही खरी कलाकुसर. शाळा सोडण्याचं कारण: 'पालकांच्या विनंतीवरून'. वर्तणूक: 'चांगली'. अभ्यासातील प्रगती: 'समाधानकारक'. पोराला जोडाक्षर वाचता येत नाही, हे लिहायला दाखल्यात रकानाच नाही, त्याला तुम्ही काय करणार! दाखला नेलेलं मूल गळत नाही, ते दुसऱ्या शाळेत जातं. कुठल्या, ते विचारू नये.

सुरगाणा-पेठकडची कुटुंबं कामाला बाहेर पडली की त्यांची पोरं महिना महिना दिसत नाहीत. सलग महिनाभर गैरहजर म्हणजे शाळाबाह्य, तेव्हा एकोणतिसाव्या दिवशी हजेरीपटावर एक 'हजर' टाका. शाईला कितीसे पैसे लागतात? शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण आलं तर वस्तीवर सकाळी अकराला जा. सगळी दारं बंद असतात आणि कुलपाला मुलं नसतात. कागदावर शून्य.

निकाल शंभर टक्के लागला की फ्लेक्स छापा. साहेबांचा फोटो मोठा, तुमचा त्याहून जरासा लहान. बांधायचा गावच्या फाट्यावर, जिथं पहाटे मजूर भरायला पिकअप थांबते. खांबावर चढायला माणूस शोधत फिरू नका. तुमचा तो नववीतला तिथंच उभा असतो. शंभर रुपयांत बांधून देईल. फक्त तो फ्लेक्स उलटा तर लावत नाही ना, एवढं खाली उभं राहून बघा.