उलट्यांचा त्रास ‘मनाचा’ नसतो

गेल्या आठवड्यात एकच मजकूर तीन ग्रुपवर आला: ‘गरोदरपणातल्या उलट्या म्हणजे बाळ छान वाढतंय. सकाळी थोडा त्रास, तिसरा महिना सरला की बंद. निम्मं मनाचं असतं, आपल्या आया शेतात राबायच्या. गोळी घेऊ नका, बाळाला बाधते.’ खाली हात जोडलेले.

पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे. मळमळ असणाऱ्यांत गर्भपाताचं प्रमाण कमी आढळतं. पण जिला मळमळ नाही तिचं बाळ नीट नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. आणि बाळ ठीक आहे म्हणून आईचे हाल चालतील, असा तर मुळीच नाही.

‘सकाळी थोडा.’ माझ्या धाकट्या बहिणीला सातव्या आठवड्यात सुरू झालं. सकाळ, दुपार, रात्री दोन, काही धरबंध नाही. शेजारची फोडणी दाराच्या फटीतून आली तरी ती बाथरूमकडे धावायची. अडीच वर्षांचा लेक कुशीत शिरायला बघायचा आणि त्याच्या डोक्याच्या खोबरेल तेलानं तिला ढवळून यायचं. त्याला दूर करावं लागायचं. उलट्यांपेक्षा ती त्यासाठी जास्त रडली. कामावर खाडे झाले ते वेगळेच. बहुतेकींचा त्रास सोळाव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत ओसरतो, काहींना बाळंत होईपर्यंत सोडत नाही.

‘मनाचं’ हे तर सपशेल खोटं. वारेतून जीडीएफ15 नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात येतं आणि मेंदूतलं उलटीचं केंद्र चाळवतं. ज्यांच्या अंगात ते आधीपासून कमी असतं त्यांना त्याची सवय नसते, म्हणून त्यांना त्रास जास्त होतो. डिसेंबर 2023 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हे संशोधन आलं.

आया राबायच्या, खरंच. बसून राहिलं तर चालणार नव्हतं म्हणून. त्यांना त्रास होत नव्हता असं त्यांना कुणी विचारून ठरवलेलं नाही.

गोळीची भीती मात्र मी समजू शकते. थॅलिडोमाइड नावाचं औषध याच मळमळीसाठी दिलं जायचं आणि हजारो बाळं हातापायांच्या व्यंगासह जन्मली. 1961 मध्ये ते मागे घेतलं गेलं. पण डॉक्सिलामाइन हे औषध आणि बी6 जीवनसत्त्व ही जोडी अनेक दशकं अभ्यासली गेली आहे, तिनं बाळात व्यंग येतं असं आढळलेलं नाही. 2013 मध्ये अमेरिकेनं तिला याच त्रासासाठी मान्यता दिली. डॉक्टरांना विचारून घ्या, पण भीतीपोटी टाळू नका.

पाण्याचा घोटही ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल किंवा वजन पाच टक्क्यांहून घटलं असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सलाईन लागेल. दिवसांमागून दिवस पोटात काही राहिलं नसेल तर तेही सांगा, कारण ग्लुकोज चढवण्याआधी बी1 जीवनसत्त्व द्यावं लागतं. आणि नोकरी करत असाल तर गरोदरपणामुळे आलेल्या आजारासाठी मातृत्व रजेखेरीज एक महिन्यापर्यंत पगारी रजेची तरतूद कायद्यात आहे. डॉक्टरांचा दाखला घेऊन ती मागा.