शंका घ्या, पण पक्ष बघून

शंका घेणं हा लोकशाहीतला हक्क आहे, असं सगळेच सांगतात. पण ती कधी, कुणावर आणि किती वाजता घ्यायची, हे कुणी शिकवत नाही. त्यामुळे भले भले घोळ करून बसतात. कुणी निकालाच्या आधीच ईव्हीएमवर बोलतो आणि निकाल आपल्या बाजूनं लागला की तोंडावर आपटतो. कुणी त्याहून वेडा असतो, आपला पक्ष जिंकल्यावरही तीच शंका तशीच धरून ठेवतो. अशा माणसाला दोन्हीकडचे लोक ग्रुपमधून काढतात. तुमच्यावर ती पाळी येऊ नये, एवढ्याचसाठी हा खटाटोप.

पहिलं म्हणजे, वस्तूकडे बघायचंच नाही. ती कुणी दिली, ते बघायचं. लशीचंच उदाहरण घ्या. तिच्यात काय आहे, चाचण्या किती जणांवर झाल्या, असलं वाचत बसलात तर डोळे जातील आणि मत बनणार नाही ते वेगळंच. फोटो कुणाचा आहे तेवढं पाहा. आपली सोय व्हावी म्हणून तर तो प्रमाणपत्रावर छापला होता. २०२१ च्या मे महिन्यात छत्तीसगडनं राज्याच्या पैशातून दिलेल्या डोसांच्या प्रमाणपत्रावर आपल्या मुख्यमंत्र्यांचा फोटो टाकला, तेव्हा तर काम आणखी सोपं झालं. लस तीच, दंड तोच, श्रद्धा मात्र दोन.

याचा मूळ धडा ३ जानेवारी २०२१ चा. त्या दिवशी कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्ही लशींना आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीचे निष्कर्ष तेव्हा हातात नव्हते, म्हणून परवानगीत ‘क्लिनिकल ट्रायल मोड’ असे शब्द घालावे लागले. निष्कर्षाआधी परवानगी का, असा साधा, सरळ, डॉक्टरी प्रश्न काही जाणत्यांनी विचारला. तुम्ही असल्या प्रश्नाच्या नादी लागू नका. त्यावर दोन तयार उत्तरं आहेत, त्यातलं आपलं उचला. एक अखिलेश यादवांनी आदल्याच दिवशी देऊन ठेवलं होतं, की ही भाजपची लस आहे, मी घेणार नाही. दुसरं, की तुम्हाला स्वदेशी खुपतंच. दोन्ही उत्तरांत गंमत एकच आहे, चाचणीचे निष्कर्ष आले काय, न आले काय, त्यांना काही फरक पडत नाही.

लस घ्यायची की नाही, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. तो ग्रुपवर सोडवायचा नसतो. त्या मे महिन्यात अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांचं लसीकरण सुरू झालं. पुण्यातली माणसं लॅपटॉप, मोबाइल आणि मेहुण्याचा मोबाइल असे तिन्ही समोर मांडून कोविनवर ओटीपीची वाट बघत बसायची. शहरात स्लॉट दिसेपर्यंत गायब. मग मुळशी, वेल्हे, मिळेल त्या तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंदणी करायची, पहाटे गाडी काढायची आणि गावातली माणसं दारात उभी असताना आपण एसी लावून आपल्या नंबराची वाट बघायची. ‘लशीत चिप आहे’ हा मेसेज त्या रांगेत उभं राहूनसुद्धा पाठवता येतो. रेंज असली म्हणजे झालं.

आणि कुणी तुम्हाला विचारलंच, की तेव्हा कोविशील्डच्या एकाच डोसचे केंद्राला दीडशे, राज्याला तीनशे आणि खासगी रुग्णालयाला सहाशे रुपये कसे, तर विषय बदला. हा दोन्ही बाजूंना अडचणीचा, खरा प्रश्न आहे. असले प्रश्न ग्रुपचं वातावरण बिघडवतात.

तीन वर्षांनी, २०२४ मध्ये, अॅस्ट्राझेनेकानं (कोविशील्ड ही मूळ याच कंपनीची लस) ब्रिटनमधल्या कोर्टात कबूल केलं, की या लशीमुळे क्वचित रक्ताच्या गुठळ्यांचा दुर्मीळ विकार होऊ शकतो. ही गोष्ट २०२१ पासून माहीत होती आणि तो धोका डोसनंतरच्या काही आठवड्यांपुरता होता. पण ऐन लोकसभेच्या प्रचारात बातमी आली, म्हणजे ती नवीच समजायची. गल्लीत कुणी हार्टअटॅकनं गेलं, की मयताला जाताना वाटेतच निदान करून टाका. घरच्यांना त्याची बीपीची गोळी, रोजची तंबाखू वगैरे विचारू नका, दुःखात असतात बिचारे.

आता औषधांकडे वळू. इथं दोन्ही बाजूंचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे, कारण महाराष्ट्रात सर्वपक्षीय एकमत पाहायचं असेल तर ते आर्सेनिक अल्बमच्या होमिओपॅथी गोळ्यांवर पाहावं. २०२० मध्ये असा एक नगरसेवक दाखवा, ज्यानं त्या पांढऱ्या गोळ्या स्वतःच्या फोटोच्या पाकिटात घालून वाटल्या नाहीत. पक्ष कुठलाही असो, गोळी तीच आणि नमस्कार करणारा हातही तसाच. नंतर पतंजलीचं कोरोनिल आलं. जून २०२० मध्ये आयुष मंत्रालयानंच जाहिरात थांबवायला सांगितली, राज्याचे गृहमंत्री म्हणाले महाराष्ट्रात विकू देणार नाही, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच कोरोनिलच्या कार्यक्रमात केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन व्यासपीठावर होते. ते स्वतः एमबीबीएस आहेत. इंडियन मेडिकल असोसिएशन यावर चिडली, पण तुम्ही चिडण्याआधी मंत्री कुठल्या पक्षाचे ते पाहायला विसरू नका. गोव्यात तर १० मे २०२१ ला आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध द्यायचं जाहीर केलं, आजार असो वा नसो. जागतिक आरोग्य संघटना नको म्हणत होती. पण जिनिव्हाला बसून त्यांना मडगावचं काय कळणार?

तरी या सगळ्यात रेमडेसिव्हिरची सर कशालाच नाही. नोव्हेंबर २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं होतं, की रुग्णाचा जीव वाचण्यात या इंजेक्शनचा उपयोग होतो असा पुरावा नाही, सरसकट वापरू नका. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात काय चाललं होतं? मुलगा हातात डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मेडिकलमागून मेडिकल फिरतोय, रात्री दोनला कुणाचा तरी फोन येतो की एका माणसाकडे सहा कुप्या आहेत, पार्किंगमध्ये या, रोख आणा. आणि त्याच वेळी १७ एप्रिलच्या रात्री मुंबई पोलिसांनी एका औषध कंपनीच्या संचालकाला साठ्यावरून चौकशीला बोलावलं आणि विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस स्वतः पोलिसांकडे जाऊन धडकले. सरकार म्हणे साठेबाजी, विरोधक म्हणे आम्ही राज्यासाठीच आणत होतो. कुप्या कुणी आणायच्या यावर एवढं रणकंदन झालं, पण त्या कुप्यांनी माणूस वाचतो का, हे विचारायला दोन्हीकडच्या एकालाही वेळ झाला नाही. यातून घ्यायचा बोध असा, की वाद नेहमी श्रेयाचा घालावा, औषधाचा घालू नये.

(एडिसनला राहणारे तुमचे भाचे म्हणतील, मामा, हे सगळं अमेरिकेत आधी झालं. झालं खरं. ट्रम्प सांगतील तर लस घेणार नाही, असं कमला हॅरिस ऑक्टोबर २०२० मध्ये म्हणाल्या. ट्रम्पांनी लस घ्या म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये अलाबामात सांगितलं, तर त्यांच्याच सभेत हुर्यो उडाली. पण भाच्याला जास्त बोलू देऊ नका, तो तिथं एका पार्टीचा आणि इथं दुसऱ्या पार्टीचा असतो.)

लशीवर हात बसला, की मगच मशीनला हात घाला. मशीनचं शास्त्र थोडं कठीण आहे, कारण इथं शंकेचा पत्ता दर निवडणुकीला बदलतो. २००९ ची लोकसभा हरल्यावर ईव्हीएमवर शंका घेण्याचं काम भाजपवाल्यांकडे होतं. पुढे पक्षाचे प्रवक्ते झालेले जीव्हीएल नरसिंह राव यांनी २०१० मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्याला प्रस्तावना लालकृष्ण अडवाणींची. २०१४ ला मशीन एकदम दुरुस्त झालं. ते तेव्हापासून काँग्रेसवाल्यांकडे बिघडलेलं आहे, मध्ये कर्नाटक, तेलंगण, हिमाचल अशा ठिकाणी दोन-चार दिवस ठीक चालतं.

महाराष्ट्रात २०२४ हे सरावासाठी आदर्श वर्ष होतं. जूनमध्ये महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा. गुलाल, पेढे, संविधान वाचलं. मशीनचा कुणी विषय काढला नाही, उलट तिची दृष्ट काढली असती. तेव्हा शंका घेण्याची पाळी महायुतीची होती, आणि त्यांनी ती फार हुशारीनं घेतली. मशीन बरोबर, पण मतदार बिघडला. त्याच्या डोक्यात कुणीतरी ‘फेक नॅरेटिव्ह’ भरलं, ‘व्होट जिहाद’ झाला. २३ नोव्हेंबरला २८८ पैकी २३० जागा महायुतीला मिळाल्या आणि तोच मतदार एका दुपारीत सुज्ञ झाला. इकडे मशीन पडलं आजारी. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे आपण मुलांपुरतं म्हणतो, मशीनला का नको?

तुम्ही आघाडीवाले असाल तर हाती आकडा घ्या: मतदान संध्याकाळी पाचला ५८.२२ टक्के, शेवटी ६६.०५ टक्के. हे वाक्य दम न घेता म्हणायचं. पाचचा आकडा केंद्राकेंद्रांवरून फोनवर, अॅपवर गोळा केलेला अंदाज असतो, सहाला रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या वाटून मतदान चालूच राहतं, हे कुणी सांगू लागला तर ‘अंधभक्त’ म्हणा. तुम्ही महायुतीवाले असाल तर आकड्याकडे ढुंकून बघू नका, ‘नाचता येईना अंगण वाकडं’ एवढंच टाका, खाली तीन हसणारे चेहरे. आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं नियम बदलून मतदान केंद्रावरचं सीसीटीव्ही चित्रण लोकांना मिळणं अवघड का केलं, असं कुणी विचारलंच, तर तुमच्या मनात एकाएकी रांगेतल्या माता-भगिनींच्या खासगीपणाची काळजी दाटून येऊ द्या. खुद्द मुख्य निवडणूक आयुक्तांनाही ती दाटून आली होती.

मारकडवाडीचा अभ्यास मात्र दोघांनीही करावा. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस मतदारसंघातलं हे छोटं गाव. मतदारसंघात निवडून आले शरद पवार गटाचे उत्तमराव जानकर, चांगल्या मतांनी. पण या गावात भाजपच्या राम सातपुतेंना १,००३ आणि जानकरांना ८४३ मतं निघाली. आमच्या गावात असं होणंच शक्य नाही, म्हणून गावकऱ्यांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर आपलं आपण मतदान घ्यायचं ठरवलं. मंडप टाकला, मतपत्रिका छापल्या. प्रशासन काय म्हणालं असतं? घ्या बापांनो, कायद्यानं त्याला काडीची किंमत नाही, हौस फिटू द्या. पण नाही. जमावबंदी लागली, गावात पोलिसांच्या गाड्या उभ्या राहिल्या, मतदान झालं नाही, वर गुन्हे दाखल झाले. पाहा, किती सुंदर बसलं सगळं! जिंकलेल्या आमदाराला स्वतःच्याच निवडणुकीवर संशय घेता आला. संशयवाल्यांना ‘मग पोलिस का आणले’ हा आयुष्यभर पुरणारा प्रश्न मिळाला. संशय न घेणाऱ्यांना कायदा-सुव्यवस्था मिळाली. मतं खरोखर किती होती, ते कुणालाच कळलं नाही, त्यामुळे कुणाचंच नुकसान नाही.

एक मोह मात्र कटाक्षानं टाळा. पोलिंग एजंट होऊ नका. पक्षाचा कार्यकर्ता म्हणेल, एवढं बोलता तर बसा की बूथवर. बसलात की मेलात. पहाटे साडेपाचला शाळेच्या खोलीत जायचं, डोळे चोळत पन्नास तरी खोटी मतं टाकून मशीन तपासायचं, व्हीव्हीपॅटच्या काचेआड सात सेकंद दिसणारी चिठ्ठी बघायची, ती मतं पुसल्याची खात्री करायची, सीलवर सही करायची. मग दिवसभर बाकावर बसून यादीत खुणा. संध्याकाळी सतरा-सी नावाचा फॉर्म मिळतो, त्यावर आपल्या बूथवर एकूण किती मतं पडली तो आकडा आणि अधिकाऱ्याची सही. मोजणीच्या दिवशी तो आकडा मशीनच्या आकड्याशी ताडून बघता येतो. एकदा हे कागद हातात आले, की माणूस कायमचा निकामी होतो. एक तर त्याच्याकडे पुरावा असतो, म्हणजे तक्रार करावी लागते. नाहीतर पुरावा नसतो, म्हणजे गप्प बसावं लागतं. त्यापेक्षा घरी थांबा. दुपारी बोटाची शाई दाखवून सेल्फी, संध्याकाळी ‘ईव्हीएमला ओटीपी लागतो’ हा मेसेज. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये हरलेल्या उमेदवाराला पैसे भरून मशीनची तपासणी मागण्याची वाट करून दिली आहे, तिचीही आठवण उमेदवाराला करून देऊ नका. भरले आणि काही निघालं नाही, तर बोलायचं काय?

शेवटची अडचण शिंदे बाईंची. प्रत्येकाच्या ओळखीत एक शिंदे बाई असतातच. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, कोविडात घरोघरी जाऊन ऑक्सिमीटर लावणाऱ्या, निवडणुकीत मतदान अधिकारी, एरवी बीएलओ, म्हणजे आपल्या बूथची मतदार यादी सांभाळणाऱ्या. आपण ‘यंत्रणा विकली गेली आहे’ असं म्हणतो, तेव्हा त्या यंत्रणेत याच बाई आदल्या रात्री शाळेच्या फरशीवर मशीनशेजारी झोपलेल्या असतात. त्यांनी विचारलं, ‘भाऊ, आमच्या बूथवर कुणी काय केलं?’ तर लगेच म्हणा, ‘तुमचं नाही हो ताई, वरच्यांचं म्हणतोय.’ चहा टाकायला सांगा. बोगस मतदारांनी याद्या कशा भरल्यात ते तिखटमीठ लावून सांगा, राहुल गांधींच्या नाहीतर फडणवीसांच्या भाषणातलं, तुमच्या सोयीनं. मग कप खाली ठेवता ठेवता कामाचं बोला. सूनबाईंचं नाव आपल्या यादीत घालायचंय, नव्या मतदाराचा फॉर्म सहा आणलाय. बाई विचारतील, त्यांचं नाव माहेरी साताऱ्याला असेल ना? मग हा नाही, फॉर्म आठ भरा, म्हणजे तिकडचं आपोआप निघेल. तेव्हा हसून सांगा, ‘राहू द्या हो ताई, तिकडं तिचे काका उभे राहतायत.’