जनमत ऑर्डरप्रमाणे बनवून मिळेल

अमेरिकेत आरोग्यसुधारणेचं एखादं विधेयक तुमच्या धंद्याच्या आड आलं, तर घाबरू नका. ते वाचायला तर मुळीच बसू नका. हजारभर पानांचं बाड वाचून माणूस स्टुडिओत पोचेपर्यंत चर्चा संपलेली असते. त्यातलं एक कलम उचला आणि त्याला अंगावर काटा येईल असं नाव द्या.

२००९ चा धडा गिरवा. ओबामांच्या आरोग्यसुधारणा विधेयकातलं ते कलम साधं होतं. अखेरच्या काळात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे एखाद्या आजोबांना डॉक्टरशी बोलून ठरवायचं असेल, तर त्या भेटीची फी मेडिकेअर या ज्येष्ठांच्या आरोग्यविमा योजनेने द्यायची. सक्ती कुणावरच नव्हती. ऑगस्टमध्ये विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या सारा पेलिन यांनी फेसबुकवर ‘डेथ पॅनेल’ (म्हणजे उपचार कुणाला मिळावेत हे ठरवणारं सरकारी मंडळ) हे शब्द सोडले आणि कलमाचं बारसं झालं. आता पुढचं काम वाहिन्यांचं. ‘हे खोटं आहे’ असं सांगून मोकळं व्हायचं नाही, त्याने प्रेक्षक चॅनेल बदलतो. एका चौकटीत ‘आहे’ म्हणणारा, दुसरीत ‘नाही’ म्हणणारा आणि मध्ये चिंताक्रांत निवेदक. याला समतोल म्हणतात. डिसेंबरात पॉलिटिफॅक्ट या तथ्य तपासणाऱ्या संस्थेने ‘डेथ पॅनेल’ला वर्षातलं सर्वांत मोठं असत्य ठरवलं खरं, पण अखेर झालेल्या कायद्यात ते कलम आलंच नाही. खोट्याला किताब मिळाला, कलमाला डच्चू.

साउथ कॅरोलायनातल्या सिम्प्सनव्हिल गावच्या सभेत एका गृहस्थाने तर आपल्या खासदाराला दम भरला : सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावायचा नाही! मेडिकेअर ही १९६५ पासूनची सरकारचीच योजना. असे श्रोते लाभले की तुमचं निम्मं काम झालं समजा.

मग पाहणी घ्या. शितावरून भाताची परीक्षा आपल्याला नवी नाही, पण इथे चूलही परीक्षकच पेटवतो. २०१३ मध्ये सीएनबीसी वाहिनीच्या पाहणीत ‘ओबामाकेअर’ला ४६ टक्क्यांनी विरोध केला आणि ‘अफोर्डेबल केअर अॅक्ट’ला ३७ टक्क्यांनी. कायदा एकच, त्याच आरोग्यसुधारणेचा! केंटकी राज्यात त्याहून बहार. २०१४ च्या पाहणीत तिथल्या ५७ टक्के मतदारांना ओबामाकेअर नावडतं होतं, तर ‘कायनेक्ट’ नावडणारे जेमतेम २२ टक्के. कायनेक्ट म्हणजे याच कायद्याखाली राज्याने मांडलेला विम्याचा बाजार.

नाव बदलायची सोय नसेल तर प्रश्नाला शेपूट लावा. २०१९ च्या जानेवारीत आरोग्यधोरणाचा अभ्यास करणाऱ्या कैसर फाउंडेशनने ‘सर्वांसाठी मेडिकेअर’ या प्रस्तावाबद्दल विचारलं, तेव्हा ५६ टक्के बाजूने होते. ‘विमा हा सर्वांचा हक्क ठरेल’ असं ऐकवल्यावर ७१. ‘खासगी विमा कंपन्या जातील’ म्हटल्यावर ३७. ‘काही तपासण्या-उपचारांना उशीर होईल’ म्हणताच २६. कैसरवाल्यांनी प्रामाणिकपणे सगळे आकडे शेजारी शेजारी छापले. तुम्ही हा वेडेपणा करू नका. हवा तो आकडा घ्या, मथळा करा आणि प्रश्न खाली बारीक टायपात घाला. कायदा अपुरा आहे म्हणून चिडलेल्यांनाही ‘विरोधक’ याच रकान्यात कोंबा. संध्याकाळी ‘जनता खवळली’ यावर चर्चा ठेवा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहणी. खवळलेले वाढलेले दिसतील.

आपलं कौशल्य एकाच पक्षाची मिरास आहे असंही समजू नका. ‘तुमचा विमा आवडत असेल तर तो तुमच्याकडेच राहील,’ असं ओबामा सांगत राहिले आणि २०१३ मध्ये लाखोंच्या घरी पॉलिसी रद्द झाल्याची पत्रं येऊन पडली. त्या वर्षीचा असत्याचा किताब त्यांनी पटकावला.

फक्त एक पथ्य पाळा. ‘कायदा रद्द करू’ असं वर्षानुवर्षं म्हणत राहा, पण रद्द करायला खरोखर निघू नका. रिपब्लिकन २०१७ मध्ये निघाले. दोन कोटींहून जास्त लोकांचा विमा जाईल, असा संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज बातम्यांत झळकू लागला आणि पाहण्यांमध्ये कायदा आवडणारे नावडणाऱ्यांच्या पुढे गेले. इतक्या वर्षांची मेहनत, आणि लोक कायद्यात काय आहे ते विचारायला लागले!