‘दहा-बारा मुलाखतींवरून काय कळणार?’
मुलाखतींवर आधारलेल्या संशोधनाबद्दलच्या लेखातलं हे वाक्य पटलं नाही. अशा संशोधनात मुलाखती किती, हे आधी ठरवत नाहीत. नवं काही निघेनासं झालं की थांबतात. ग्लेसर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ मध्येच हा निकष मांडला, तोही रुग्णालयांतल्या अभ्यासातून.

मी नागपुरात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं समुपदेशन करते. २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम आहे, तपासणीचे आकडे वर जातात. पण वाहक मुलगी, म्हणजे जिला स्वतःला आजार नाही पण जी तो मुलांना देऊ शकते, ती आपलं तपासणीचं कार्ड का लपवते, हे कुठल्या रकान्यात भरायचं? आई बाहेर गेली की हळूच सांगते, ‘सोयरीक मोडन ना मॅडम!’ हे ऐकल्यावरच आम्ही मुलाकडच्यांनाही तपासणीला बोलवू लागलो. मार्केटिंगवाल्यांच्या फोकस ग्रुपला, म्हणजे मोजक्या ग्राहकांशी केलेल्या गटचर्चेला, कोणी नाकं मुरडत नाही, आम्हालाच ‘सॅम्पल किती?’ विचारतात.