अर्ज आणि अर्जुन

पुतण्या एमपीएससीचा अभ्यास करतोय. परवा रात्री जेवण झाल्यावर वही माझ्या हातात देऊन म्हणाला, "काका, विचारा." वहीत अर्जुन पुरस्काराची यादी होती, वर्षवार. मी विचारत गेलो, तो धडाधड उत्तरं देत गेला. सुरुवात कधी? 1961. पहिल्या यादीत बॅडमिंटन कोणाला? नंदू नाटेकर. 2012, कविता राऊत, अॅथलेटिक्स. 2020, दत्तू भोकनळ, रोइंग. एकही चुकला नाही. मग मी वहीबाहेरचा प्रश्न टाकला, "भोकनळ कुठला रे?" तो म्हणाला, "आर्मी."

अरे, आर्मी हे काय गाव आहे? तळेगाव रोही, तालुका चांदवड, आपल्याच नाशिक जिल्ह्यातलं. वडिलांबरोबर विहिरी खोदायचं काम करणारा हा पोरगा. पाण्याची धास्ती असलेला. फौजेत गेल्यावर खडकीला त्याच्या हातात वल्हं आलं आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नाव वल्हवत तो तेरावा आला. आई अपघातानंतर बेशुद्धावस्थेत होती, तेव्हा तो तिकडे वल्ही मारत होता. 2018 च्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या फायनलमध्ये शेवटचा आला. लोकांनी काय काय लिहिलं तेव्हा! दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नावेतून सुवर्ण घेऊन आला. यातलं काही वहीत नव्हतं. वहीत एक ओळ होती, एका मार्काची. पोराचा दोष नाही, परीक्षेत तेवढंच विचारतात.

मी पस्तीस वर्षं पीटीचा मास्तर होतो, त्र्यंबक तालुक्यातल्या एका शाळेत. त्यामुळे या यादीकडे बघताना मला मेडलच्या आधी कागद दिसतात. का ते पुढे सांगतो.

अर्जुन पुरस्कार मिळतो तो अर्ज करून. बहुतेकांना वाटतं, दिल्लीत कोणीतरी बसलेलं असतं, देशभरातले निकाल बघतं आणि म्हणतं, ही पोरगी भारी आहे, बोलवा तिला. तसं नसतं. नाव पाठवावं लागतं. पूर्वी संघटनेनं पाठवायचं, आता खेळाडू स्वतःही ऑनलाइन भरू शकतो. मागच्या चार वर्षांची कामगिरी, स्पर्धा, पदकं, सगळं लावून द्यायचं, मग समिती बसते. वर्गात एकदा हे समजावून सांगत होतो तर आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, अर्जुनानं अर्ज भरला होता का?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

नेमबाज मनू भाकरचं आठवत असेल. पॅरिसला एकाच ऑलिंपिकमध्ये दोन कांस्य. आणि डिसेंबर 2024 मध्ये बातमी आली की खेलरत्नच्या, म्हणजे खेळातल्या सर्वोच्च पुरस्काराच्या, यादीत तिचं नाव नाही. गदारोळ झाला. शेवटी तिनंच लिहिलं की अर्ज भरताना कदाचित माझ्याकडून काही राहिलं असेल. पुढे तिचं नाव आलं, 17 जानेवारी 2025 ला राष्ट्रपती भवनात तिनं खेलरत्न घेतलं. म्हणजे ठरवलं तर अर्जातली चूक बाजूला ठेवता येते. पण त्यासाठी आधी मनू भाकर असावं लागतं, टीव्हीवर चर्चा व्हावी लागते.

त्याच दिवशी त्याच दालनात मुरलीकांत पेटकर होते. आपले, सांगलीकडचे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून शरीर जायबंदी झालं, आणि 1972 ला हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्ण. भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं. 1982 मध्ये त्यांनी अर्जुनसाठी अर्ज केला होता. नाकारला गेला. 2025 च्या जानेवारीत जीवनगौरव म्हणून अर्जुन मिळाला, तेव्हा ते ऐंशी ओलांडून गेले होते. मोबाइलवर तो व्हिडिओ बघताना टाळ्या ऐकू येत होत्या. छान वाटलं, आणि रागही आला.

पैलवान खाशाबा जाधवांना तर जिवंतपणी तेही नाही. 1952 हेलसिंकीचं कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं तेव्हा माणूस हेलसिंकीला पोचला. 1984 ला अपघातात गेले. अर्जुन मिळाला 2000 सालचा, मरणोत्तर. मिल्खा सिंगांना 2001 मध्ये देऊ केला तेव्हा त्यांनी घेतलाच नाही. बरं केलं.

आता आपल्या कविता राऊतचं. सावरपाडा, हरसूलच्या अंगाला. लांबून डोक्यावर पाणी आणणारी पोरगी. नाशिकला भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर प्रशिक्षक विजेंदर सिंगांच्या हाताखाली तयार झाली. 2010 ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य. त्या स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक घेणारी पहिली भारतीय बाई. त्याच वर्षी चीनमध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. आता आकडे बघा. सुवर्ण केरळच्या प्रीजा श्रीधरनचं, 31 मिनिटं 50.47 सेकंद. कविता 31 मिनिटं 51.44. पंचवीस फेऱ्या धावून दोघींत एका सेकंदाचंही अंतर नाही. अर्जुन मात्र प्रीजाला 2011 चा, कविताला 2012 चा. सुवर्णाला आधी मिळावा, मान्य. पण ट्रॅकवर जे अंतर सेकंदाच्या आत होतं, त्याचं कागदावर वर्ष झालं. कागदाचं घड्याळच वेगळं असतं.

कोणी म्हणेल, मग गुण मोजा आणि संगणकाला ठरवू द्या. मी खो-खोचा माणूस, मला ते पटणार नाही. ज्या खेळाला ऑलिंपिक नाही, आशियाई नाही, त्याला गुण कुठून येणार? उस्मानाबादच्या (आताचं धाराशिव) सारिका काळेला 2020 मध्ये अर्जुन मिळाला तो खो-खोला बावीस वर्षांनी मिळालेला अर्जुन होता. दत्तूच्याच यादीत ती होती. कोरोनामुळे तो सोहळाही ऑनलाइन झाला, राष्ट्रपती एका पडद्यावर आणि खेळाडू दुसऱ्या. अशा खेळांसाठी समिती हवीच, भांडायला माणूसही हवा. पण ज्यानं देशासाठी आशियाई किंवा ऑलिंपिकचं पदक आणलंय, त्याचा निकाल सरकारकडे आधीच असतो की! विमानाचं तिकीट तुम्ही काढलं, परत आल्यावर हार तुम्ही घातला, फोटो तुम्ही काढला. मग पुन्हा त्याच्याकडूनच "मी काय काय जिंकलं" हे कशाला लिहून घेता?

आता माझं सांगतो. पस्तीस वर्षांत एकच फाइल अशी आहे की जी आठवली की जेवण जात नाही.

दहावीच्या खेळाडू मुलांना क्रीडा गुण मिळतात, हे तुम्हाला माहीत असेल. शाळेनं प्रस्ताव करायचा, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स जोडायच्या, जिल्हा क्रीडा कार्यालयातून तो बोर्डाकडे जातो. माझ्या शाळेतली एक मुलगी तीन हजार मीटरला राज्यापर्यंत गेली होती. अनवाणी पळायची. बूट घेऊन दिले तर म्हणाली, जड होतात. त्या वर्षी मला इलेक्शन ड्युटी लागली. तिचा प्रस्ताव तयार होता, मुख्याध्यापकांची सही, शिक्का, सगळं. तो माझ्या कपाटात राहिला. ड्युटीवरून आलो तेव्हा तारीख उलटून चार दिवस झाले होते. खूप हेलपाटे घातले, पण तारीख ती तारीख.

गणितात ती चार मार्कांनी गेली.

क्रीडा गुण धरले असते तर पास होती. ऑक्टोबरला बसून निघाली, पण मधल्या काळात घरच्यांनी द्राक्षाच्या कामावर दिंडोरीला पाठवलं आणि पळणं सुटलं. ती कविता राऊत झाली असती असं मी म्हणत नाही. बहुधा नसती झाली. पण न होण्याचं कारण तिच्या पायात असायला हवं होतं, माझ्या कपाटात नाही. पुतण्याची वही हातात घेतली तेव्हा त्या सगळ्या नावांमागे मला असेच कोणाचे तरी प्रस्ताव दिसत होते, आणि यादीत जी नावं नाहीत त्यांची कपाटं.

मागच्या पावसाळ्यात ती नाशिकच्या सीबीएस बस स्टँडवर हरसूलच्या गाडीची वाट बघत उभी होती. मी ओळखलं नाही, तिनंच हाक मारली. सोबत मुलगी, पाचवीतली, पाय आईसारखेच काटक. तालुक्याला पहिली आली म्हणे. मी त्या जुन्या फाइलचं काहीतरी बोलायला गेलो, तिनं बोलूच दिलं नाही. पिशवीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. मुलीचं प्रमाणपत्र, चार झेरॉक्स काढलेल्या. म्हणाली, "सर, हिचे कागद मीच सांभाळते. तुम्ही फक्त झेरॉक्सवर सही करून द्या."

मी म्हटलं, "अगं, मी रिटायर झालो. माझी सही आता कुठं चालत नाही."

"तरी करा," म्हणाली.

गाडी लागली होती. बाकावर टेकून चारही झेरॉक्सवर सही केली, खाली तारीख घातली.