‘एक टन बायोचार, तीन टन कार्बन डायऑक्साइड गाडला’: हिशेब इतका सरळ नाही

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘एक टन बायोचार मातीत टाका, तीन टन कार्बन डायऑक्साइड कायमचा गाडा. पीक दुप्पट, प्रदूषण शून्य.’ बायोचार म्हणजे हवा कोंडून लाकूड, तूस वगैरे तापवून केलेला, मातीत मिसळायचा कोळसा. मी त्याच्या बाजूचा माणूस. म्हणूनच ही जाहिरातबाजी जास्त खटकते.

आधी ‘तीन टन’. एक टन शुद्ध कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. चांगल्या लाकडी कोळशात ७५ टक्के कार्बन धरला तर २.७५ टन होतात. इथवर मेसेज फारसा चुकत नाही. भाताच्या तुसाच्या कोळशात मात्र राखच भरपूर. ४५ टक्के कार्बन धरला तर उरतात १.६५ टन.

‘प्रदूषण शून्य’ ही शुद्ध थाप. हवा कोंडून लाकूड किंवा तूस तापवलं की त्यातला साधारण निम्मा कार्बन वायू होऊन बाहेर पडतो. तो ज्वाळेत जळला तर ठीक. पण मातीने लिंपलेल्या, धुमसणाऱ्या भट्टीतून तो तसाच निसटतो आणि त्यात मिथेन असतो. समजा, टनभर कोळशामागे ३० किलो मिथेन सुटला. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट भारी, म्हणजे ८४० किलो वजा. वीस वर्षांच्या हिशेबात सुमारे ८० पट, म्हणजे २.४ टन वजा! तुसाची सगळी कमाई बुडून वर तोटा. माल ओला असेल तर धूर आणखी. उलट, वरून उघड्या शंकूसारख्या भट्टीत ज्वाळ सतत पेटती ठेवली तर बराचसा वायू तिथेच जळून जातो. (भट्टी धूर ओकत असेल, तर आकडेमोड करायचीही गरज नाही.)

‘कायमचा’ म्हणाल, तर चांगल्या तापमानाला नीट भाजलेला कोळसा मातीत शतकानुशतकं टिकतो. अर्धवट भाजलेला लवकर कुजतो.

आणि ‘पीक दुप्पट’? जगभरच्या प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये आलं: उष्ण कटिबंधात सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास वाढ, समशीतोष्ण भागात सरासरी काहीच नाही. बायोचार आम्ल मातीत चुन्यासारखं काम करतो. आधीच अल्कधर्मी असलेल्या मातीला त्याचं काय कौतुक? शिवाय ताजा कोळसा नत्र धरून बसू शकतो, म्हणून तो आधी कंपोस्टमध्ये मुरवतात.

भट्टीत गेलेल्या मालाचं एरवी काय झालं असतं, हे तर मेसेज विचारतच नाही. शेतात पेटवून दिला जाणारा पेंढा असेल, तर फायदा उघड आहे. तोच पेंढा आच्छादन म्हणून मातीवर पडणार असेल, तर ते आच्छादन गेलं. आणि कोळशासाठी उभं झाड तोडलं असेल, तर हवेत गेलेला कार्बन नवं झाड परत शोषून घेईपर्यंत खातं तोट्यातच राहतं.